नऊ दिवसांचा चेहरा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"मी आणि माझा एक चित्रकार मित्र गेली चार वर्षं एकाच कॅनव्हासवर मिळून काम करतो. पंधरा दिवस कॅनव्हास त्याच्याकडे, पंधरा दिवस माझ्याकडे, असं चित्र पुरं होईपर्यंत चालतं. मी तेलरंगात, सावकाश काम करणारी. तो झपाट्याचा, ॲक्रिलिक, रोलर, हाताला लागेल ते. आजवर २२ चित्रं झाली. मी त्याच्या रंगावर कधी ब्रश टेकवलेला नाही, शेजारची मोकळी जागा शोधते. तो मात्र माझ्या कामावर खुशाल रंग चढवतो, आणि खरं सांगायचं तर बरेचदा ते चांगलं दिसतं. पण गेल्या महिन्यात मी एका म्हातारीचा चेहरा नऊ दिवस खपून केला होता. कॅनव्हास परत आला तेव्हा त्या जागी सपाट राखाडी. डाव्या कानाची पाळी तेवढी उरलेली. विचारलं, तर म्हणाला, 'चित्राला तो चेहरा नको होता.' तेव्हापासून चांगलं काही सुचलं की मी ते घरी, माझ्या एकटीच्या कॅनव्हासवर करते. आता दोघांचं प्रदर्शन ठरलंय. गॅलरीवाले विचारतायत, नाव कुणाचं आधी, कोणता भाग कुणाचा. मी हे सगळं थांबवू का? की यापुढे माझ्या भागाला हात लावणार नाही, असं त्याच्याकडून लिहून घेऊ?
– अर्ध्या कॅनव्हासची मालकीण"

प्रिय मालकीणबाई,

आधी एक कोरडा प्रश्न विचारतो, राग मानू नका. तो राखाडी रंग कशाचा होता?

तुमचा चेहरा तेलरंगातला. कॅनव्हास त्याच्याकडे गेला तेव्हा वरचे थर फार तर आठवड्याचे असणार. तेलरंग पाणी उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेत घेत तो घट्ट होत जातो. वरून बोटाला कोरडा लागला तरी आत महिनोन्‌महिने त्याची हालचाल चालू असते. ॲक्रिलिकचं तसं नाही, पाणी उडालं की थोड्याच वेळात त्याचा रबरासारखा पापुद्रा तयार होतो. तेलकट आणि अजून हलणाऱ्या अंगावर हा पापुद्रा धरून राहत नाही. आज काही दिसणार नाही, पण काही वर्षांनी एखादा कोपरा सुटेल आणि नख लावलं तर साप कात टाकतो तसा निघून येईल. म्हणजे तुमची म्हातारी राखाडीखालून परत डोकावायची शक्यता आहे. फक्त तेव्हा ती कुणाच्या तरी भिंतीवर असेल, आणि तो माणूस तुम्हा दोघांना फोन करील.

उलटा क्रम मात्र चालतो. नीट वाळलेल्या, फार गुळगुळीत नसलेल्या ॲक्रिलिकवर तेलरंग छान बसतो. कित्येक चित्रकार खालची बैठक ॲक्रिलिकमध्ये झटपट उरकतात आणि वर तेलात काम करतात. म्हणजे तुमच्या जोडीत दुसऱ्याच्या कामावर रंग चढवायची मुभा रंगांनीच तुम्हाला दिलीय, त्याला नाही. आणि चार वर्षं चाललंय त्याच्या बरोब्बर उलट.

हे मी रंगांचा धडा द्यायला सांगत नाहीये (थोडासा द्यायलाही सांगतोय, ती २२ चित्रं एकदा खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरून बघाच, कुठे पापुद्रा उचललाय का ते कळेल). सांगायचंय ते वेगळं. तुमच्या पत्रात माझी नजर त्या चेहऱ्यापेक्षा एका जाता जाता लिहिलेल्या वाक्यावर अडकली: 'मी त्याच्या रंगावर कधी ब्रश टेकवलेला नाही.' तुम्ही ते चांगुलपणाचा दाखला म्हणून लिहिलंय. मला ते हिशेबाच्या वहीतल्या जमेच्या रकान्यासारखं वाटलं. चार वर्षं तुम्ही तिथे आकडे टाकत आलात, आणि ही वही उघडलेली आहे याचा त्याला पत्ताच नाही.

दोघांनी मिळून चित्र करायच्या दोन अगदी वेगळ्या रीती आहेत. तुम्ही एका रीतीनं खेळताय, तो दुसऱ्या.

पहिली रीत वाटणीची. अँटवर्पचे चित्रकार पीटर पॉल रुबेन्स आणि यान ब्रूगल थोरला, दोघंही आपापल्या जागी नावाजलेले, यांनी मिळून सुमारे दोन डझन चित्रं केली. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात त्यांचं १६१५ च्या सुमाराचं ईडनच्या बागेचं चित्र आहे. त्यात ॲडम आणि ईव्ह, त्यांच्याजवळचं झाड, साप आणि घोडा रुबेन्सचे. बाकीचे पशुपक्षी, पानंफुलं, तो हिरवा गजबजाट ब्रूगलचा. दोघांच्या सह्या आहेत, एक डावीकडे खाली, एक उजवीकडे. रुबेन्सनं तर आपल्या नावापुढे आकृत्या आपल्या आहेत हेही नोंदवलंय. इथे कुणी कुणाला पुसत नाही, कारण कोण कुठे उतरणार ते आधीच ठरलेलं असतं. अशी वाटणी निभावायला मैत्रीही तशी लागते. इटालियनमधली ब्रूगलची पत्रं रुबेन्स लिहून द्यायचा आणि ब्रूगल त्याला गमतीनं आपला चिटणीस म्हणायचा. १६२५ मध्ये ब्रूगल गेल्यावर त्याच्या मुलांच्या पालकांमध्ये रुबेन्सचं नाव होतं.

अकबराच्या चित्रशाळेत ही वाटणी आणखी काटेकोर होती. मांडणी आणि रेखाटन म्हणजे 'तरह', रंगकाम म्हणजे 'अमल', आणि महत्त्वाचे चेहरे करायला कधीकधी तिसराच हात. कोणी काय केलं ते कारकून पानाच्या खालच्या समासात टिपून ठेवायचा. हवाई नावाच्या माजलेल्या हत्तीवर बसून अकबर होड्यांच्या पुलावरून जातोय, हे 'अकबरनाम्या'तलं पान तुम्ही छापील स्वरूपात नक्की पाहिलं असेल. त्याची मांडणी बसावनची, रंग चेतरचे. आपण मात्र ते पाहताना पूल खचतोय की काय याच धास्तीत असतो. कुठे एकाचा हात थांबला आणि दुसऱ्याचा सुरू झाला, हे शोधायला डोळा जातच नाही.

दुसरी रीत थरावर थराची. १९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत न्यू यॉर्कचे चित्रकार अँडी वॉरहॉल आणि ज्याँ-मिशेल बास्किया यांनी मिळून १६० च्या आसपास कॅनव्हास केले. एक पन्नाशी ओलांडलेला, दुसरा पंचविशीच्याही आतला. बरेचदा वॉरहॉल आधी काहीतरी ओळखीचं टाकायचा, एखाद्या कंपनीचं बोधचिन्ह, वर्तमानपत्राचा मथळा. बास्किया त्यावर खरडायचा, ते विद्रूप करायचा, अर्धंमुर्धं झाकायचा. मला यातली आवडणारी गोष्ट पुढची आहे. झाकून झालं की तो वॉरहॉलला पुन्हा ब्रश घ्यायला लावायचा, आता तू माझ्यावर कर म्हणून मागे लागायचा. कितीतरी वर्षं स्क्रीन प्रिंटवर, म्हणजे जाळीतून रंग दाबून केलेल्या छापावर, भिस्त ठेवलेला वॉरहॉल त्या काळात परत हातानं रंगवायला लागला तो या संगतीनं. या रीतीत पुसणं हा अपमान नसतो, ती बोलण्यातली पुढची ओळ असते. पण त्यात बोलणारे दोघं हवेत. एकच पुसतो आणि दुसरा सभ्यपणे बाजूला सरकतो, असं झालं की खेळ बिघडतो. तुमचा तिथेच बिघडलाय.

तुम्ही मनात वाटणी धरून बसलात, तो थर चढवत राहिला. दोघांपैकी चूक कुणीच नाही, पण हे ठरवायची वेळ पहिल्याच कॅनव्हासला होती. २३ व्यालाही उशीर झालेला नाही.

आता त्याच्याबद्दल. 'चित्राला तो चेहरा नको होता' हे वाक्य मी माझ्या कारकिर्दीत इतक्यांदा ऐकलंय, आणि दुर्दैवानं इतक्यांदा वापरलंय, की त्याची मला चीड येते. चित्राला तोंड नसतं. आपलं मत चित्राच्या तोंडी घातलं की समोरच्याला भांडताच येत नाही, कारण मित्राशी वाद घालता येतो, चित्राशी कसा घालणार? त्यानं म्हणायला हवं होतं, 'मला तो चेहरा नको होता, कारण…' आणि त्या 'कारण'नंतरचं तुम्ही ऐकायला हवं. हे त्याला सांगा, याच शब्दांत सांगितलंत तरी चालेल.

आणि तुमच्याबद्दल, थोडं कडू. पंधरापैकी नऊ दिवस एका चेहऱ्यावर. मी तो पाहिलेला नाही, पण अंदाज करतो: सुरकुतीन् सुरकुती पूर्ण, डोळ्यांतला ओलावा पूर्ण, कडा बंद. म्हणजे दोघांच्या कॅनव्हासमध्ये तुमचं एकटीचं एक पुरं झालेलं व्यक्तिचित्र. पुढच्या माणसानं आत शिरायचं कुठून? त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या, त्या चेहऱ्याला चौकट पुरवायची किंवा तो झाकायचा. चार वर्षं तुम्ही त्याच्या शेजारची जागा शोधत होतात. या खेपेला तुम्ही त्याच्यासाठी शेजार ठेवलाच नाहीत. झाकला ते बरोबर केलं असं माझं म्हणणं नाही. एक फोन करायला काय हरकत होती? पण मला वाटतं, तो चेहरा आणलात तेव्हाच तुम्ही मनानं त्या कॅनव्हासवरून उठला होतात.

म्हणून मला चेहऱ्यापेक्षा तुमच्या घरच्या कॅनव्हासची काळजी जास्त आहे. एकटीचं काम असायलाच हवं, त्याविषयी दुमत नाही; जोडीत काम करणाऱ्यानं तर ते मुद्दाम राखावं, नाहीतर आपला हात कोणता हेच विसरायला होतं. पण 'चांगलं सुचलं की घरी' हे वेगळं आहे. त्याचा अर्थ, सामायिक कॅनव्हासला आता तुमचं दुय्यम काम मिळतं. तो दुय्यम कामावर रंग चढवील, तुम्हाला वाटेल की बघा, हा तर माझं सगळंच पुसतो, मग तुम्ही आणखी कमी द्याल. असं सहा महिने चाललं की जोडी आपोआप मोडते, भांडणसुद्धा न होता. तशी मोडलेली जोडी परत जुळताना मी पाहिलेली नाही.

माझी स्वतःची एक तशी मोडली आहे. मी एका सहकाऱ्याबरोबर सहा वर्षं काम केलं. एका मोठ्या कॅनव्हासवर मी उजव्या वरच्या कोपऱ्यात एक खिडकी काढली होती, आत पिवळा उजेड, चौकटीवर निळसर सावलीची एक बारीक रेघ. त्या रेघेच्या मी प्रेमात पडलो होतो. सात महिने ते चित्र पुढे सरकेना, कारण प्रत्येक नवा रंग खिडकीला जपून लावावा लागत होता. शेवटी त्यानं पांढऱ्यानं ती झाकली. मी काही बोललो नाही. त्या रात्री एकटाच स्टुडिओत गेलो, पॅलेट नाइफ घेतली आणि त्याचा पांढरा खरवडून काढला. तो पांढरा निघाला, त्याच्याबरोबर पिवळा निघाला, रेघ तर कधीच निघून गेली होती, काही ठिकाणी खालचा जेसो, म्हणजे कॅनव्हासला आधी देतात तो पांढरा अस्तराचा थर, दिसायला लागला. सकाळी तो आला, कॅनव्हासकडे बघितलं आणि मला म्हणाला, 'सांगून केलं असतंस तर मीच धरला असता.' ते चित्र माझ्याकडे आहे, भिंतीकडे तोंड करून. त्यावर आम्हा दोघांपैकी कुणीही पुन्हा काम केलं नाही.

हे लिहायचं कारण असं की मी आता तुम्हाला त्याच्या रंगावर रंग चढवायला सांगणार आहे, आणि ते कशा मनानं करायचं ते आधी स्पष्ट असलेलं बरं. रात्री नाही. न सांगता नाही. आणि चेहऱ्याचा बदला म्हणून तर नाहीच.

लिहून घेण्याविषयी तुम्ही विचारलंत. 'माझ्या भागाला हात लावायचा नाही' असं लिहून घेतलंत, तर तो कागद बघूनच काम करील आणि तुम्हाला हवाय तो मित्र त्यात उरणार नाही. शिवाय तुम्हीच कबूल करता की त्याचं चढवणं बरेचदा चांगलं दिसतं. संरक्षण मागायचंच असेल तर छोटं मागा. मी नंतर दुसऱ्या एकीबरोबर काम केलं तेव्हा आमची एक खूण होती: प्रत्येकानं एका चित्रात एकदाच, कॅनव्हासच्या मागे लाकडी पट्टीवर खडूनं फुली मारायची, नेमकी त्या जागेच्या मागे. अर्थ एवढाच की इथे हात घालायच्या आधी मला विचार. 'घालू नकोस' असा नाही. आणि फुलीची मुदत एक फेरी. कॅनव्हास तुमच्याकडे परत आला की ती पुसायची. मुदतीवर मी अडून बसेन, कारण कायमची फुली म्हणजे माझी ती खिडकी. त्या काळात मी फुली मारायला जायचो आणि दहातल्या सात वेळा न मारताच परत यायचो. हातात खडू घेतला की कळायचं, इतकं काही अडलेलं नाही.

दुसरं, थांबायचं कधी. वाटणीच्या चित्रात आपापला भाग झाला की चित्र झालं. थरांच्या चित्राला शेवट नसतो, तो ठरवावा लागतो. दोघांपैकी एकानं 'झालं' म्हटलं तर दुसऱ्याला फक्त एक बैठक, त्यानंतर सही, असं काहीतरी ठरवून टाका. नेमकं काय ठरवता त्याला फारसं महत्त्व नाही. ठरलेलं नसलं की मात्र शेवटचा हात नेहमी झपाट्यानं काम करणाऱ्याचा पडतो.

रंगांच्या क्रमाचंही तेव्हाच बोला. तुम्ही तेलात उतरल्यावर त्याला वर काम करायचं असेल, तर त्यानंही तेलाच्या ट्यूब हातात घ्याव्यात, किंवा तेलाच्या रंगकांड्या. आणि चढत्या थरात तेलाचं प्रमाण वाढतं ठेवावं, नाहीतर वरचा थर आधी आवळतो आणि भेगा पडतात. तेलाचा वाळायचा वेळ लक्षात घेता पंधरवडा त्याला कमी पडेल, महिना करावा लागेल. झपाट्याचा माणूस कुरकुर करील. करू दे. तुम्ही चार वर्षं त्याच्या वेगानं चाललात, आता त्यानं थोडं तुमच्या वेगानं चालून बघावं.

आता गॅलरी. याबाबतीत मी वॉरहॉल-बास्कियाकडे परत जातो, कारण त्यांचं कॅनव्हासवर बिनसलं नव्हतं, भिंतीवर बिनसलं. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यू यॉर्कला १६ चित्रांचं प्रदर्शन लागलं, पोस्टरवर दोघं बॉक्सिंगचे हातमोजे घालून उभे. टीका वाईट झाली. एका मोठ्या वृत्तपत्रातल्या परीक्षणात बास्कियाला वॉरहॉलच्या हातचं बाहुलं ठरवण्यापर्यंत मजल गेली. ते त्याला लागलं आणि दोघं दुरावले. फेब्रुवारी १९८७ मध्ये वॉरहॉल गेला, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बास्किया. बघणाऱ्याला वाटणी करायची खाजच असते. कोण थोर, कोण कुणाच्या जिवावर. म्हणून 'कोणता भाग कुणाचा' याला प्रदर्शनाआधी दोघांचं एकच उत्तर ठरलेलं असू द्या. माझं मत विचाराल तर थरांच्या चित्रात भाग सांगायचेच नाहीत. प्रत्येक चित्रावर दोघांची नावं, अकारविल्हे किंवा एका चित्रावर हे आधी तर पुढच्यावर ते, काहीही चालेल. सह्या मागच्या बाजूला दोघांच्या, तारखेसह. आणि रंगांची नोंद खरी: तेल आणि ॲक्रिलिक. ज्या चित्रात तेलावर ॲक्रिलिक गेलंय ते एक तर विक्रीला ठेवू नका किंवा घेणाऱ्याला स्पष्ट सांगा.

लिहून ठेवायचा कागद असलाच तर तो इथे. पैसे निम्मे-निम्मे, कुणी किती दिवस खपलं याचे तास मोजायला गेलात तर नऊ दिवसांचा चेहरा पुन्हा वर येईल. कॅनव्हास, रंग, चौकटी यांचा खर्च आधी वजा. न विकलेली चित्रं कुणाकडे राहणार, आणि उद्या जोडी फुटली तर ती आळीपाळीनं एकेक निवडून घ्यायची का. चित्र विकलं तरी त्याच्या छपाईचे, पुनर्मुद्रणाचे हक्क आपोआप विकले जात नाहीत, तेव्हा तशी परवानगी द्यायला दोघांचीही संमती हवी, असं स्पष्ट लिहा. संयुक्त कृतीच्या स्वामित्वहक्काची मुदत बर्न करारानुसार (स्वामित्वहक्काचा आंतरराष्ट्रीय करार) शेवटी जिवंत असलेल्या निर्मात्याच्या मृत्यूपासून मोजतात. म्हणजे हा कागद तुमच्या वारसांनाही लागेल. एक पान पुरे.

थांबवू का, या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार नाही, कारण तुम्ही दोघांनी मिळून खऱ्या अर्थानं एकही चित्र अजून केलेलं नाही. २२ चित्रं त्यानं तुमच्यावर केलेली आहेत. एक असं करून बघा ज्यात तुम्हीही त्याच्यावर चढलात. ते झाल्यावरही पोटात असंच दुखत राहिलं, तर सोडा, आणि तेव्हा मला कळवायचीही गरज नाही.

सुरुवात त्याच राखाडीवर नको. तो ॲक्रिलिक असेल तर खालचं तेल त्याला कधी सोडील सांगता येत नाही, वर आणखी ओझं कशाला. राखाडी आधी उतरवावा लागेल. पण तो तुम्ही एकट्यानं उतरवू नका. त्याला बोलवा, एक कड त्याच्या हातात द्या, एक तुम्ही धरा. आणि काम सुरू करण्याआधी त्याला एवढं विचारा, की सगळा चेहरा झाकलास, मग ती कानाची पाळी का ठेवलीस? कदाचित रोलर तिथवर पोचला नसेल. कदाचित त्यानं ती ठेवली असेल. तुमच्या पत्रावरून मला ते ठरवता आलेलं नाही, आणि तुम्हीही अजून विचारलेलं दिसत नाही.